पत्र्याची बंदूक : स्टेनगन कशी घडायची आणि कशी खोलायची

मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाचा प्रश्न आहे. लष्करी संग्रहालयात काचेआड त्याने दुसऱ्या महायुद्धातली स्टेनगन पाहिली आणि ती त्याला नळाच्या पाइपाला वेल्डिंग मारून केल्यासारखी वाटली. त्याने तीन गोष्टी विचारल्या आहेत. अशा बंदुका खेळण्यांच्या कारखान्यात आणि सायकलच्या दुकानात बनत, हे खरं का? पाना किंवा स्क्रूड्रायव्हर न लावता ती अर्ध्या मिनिटात खोलता यायची म्हणतात, ते कसं? आणि इतक्या स्वस्तात केलेली वस्तू मुळात चांगली होती का?

आधी थोडक्यात सांगतो. हो, बनत. हो, खोलता यायची. आणि तिसऱ्याचं उत्तर : बंदूक चांगली होती, मॅगझीन, म्हणजे गोळ्या भरायची पेटी, वाईट होतं. असं का झालं, ते सविस्तर लिहितो.

मी सैन्यात ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रं-शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या विभागात, आर्मरर होतो. एकवीस वर्षं शस्त्रागारात गेली. पेन्शन आल्यावर भोसरीत एका प्रेस शॉपच्या, म्हणजे पत्रा दाबून भाग करणाऱ्या कारखान्याच्या, टूलरूममध्ये चौदा वर्षं काढली. पहिल्या नोकरीत बंदुका खोलल्या आणि जोडल्या, दुसऱ्या नोकरीत पत्रा कसा वळतो आणि वळताना कसा फसवतो हे शिकलो. खरं सांगायचं तर स्टेनगन मला समजली ती भोसरीत. सैन्यात असताना मीही तिला हिणवायचो. डाय-पंचसमोर उभं राहायला लागल्यावर कळलं, की ज्याने ती आखली त्याला यंत्रशाळेतला एकेक तास कुठे खर्च होतो हे पाठ होतं.

१९४० च्या उन्हाळ्यात डंकर्कहून ब्रिटिश सैन्य माणसं घेऊन परतलं, सामान तिकडेच राहिलं. पिस्तुलाची गोळी लागोपाठ उडवणारं हलकं शस्त्र, म्हणजे सबमशीनगन, ब्रिटिश पायदळाकडे स्वतःची अशी नव्हतीच. अमेरिकेकडून थॉमसन घेणं चालू होतं. थॉमसन देखणी आणि दणकट. पोलादाच्या ठोकळ्यातून मिलिंग करत करत काढलेली. एकीची किंमत दोनशे डॉलरच्या घरात, तीही रोख, आणि अटलांटिकमधल्या जर्मन पाणबुड्यांच्या तावडीतून जी खेप सुटेल ती हातात. आरमारासाठी जॉर्ज लँचेस्टर यांनी जुन्या जर्मन एमपी-२८ वरून एक बंदूक बेतली. तिच्या मॅगझीनचं घर चक्क पितळेचं होतं. सुंदर काम, पण लाखांनी करण्यासारखं नाही.

तेव्हा मेजर रेजिनाल्ड शेफर्ड आणि हॅरोल्ड टर्पिन या दोघांनी वेगळाच विचार केला. टर्पिन एनफिल्डच्या सरकारी कारखान्यातले वरिष्ठ ड्राफ्ट्समन. दोघांच्या आडनावांची पहिली अक्षरं आणि एनफिल्डची पहिली दोन, मिळून झालं ‘स्टेन’. टर्पिन यांनी डिसेंबर १९४० मध्ये ट्रिगरची रचना कागदावर काढली आणि जानेवारी १९४१ मध्ये पहिला नमुना चाचणीला उभा होता. टूलरूममध्ये काम केलेल्या माणसाला विचार, एका साध्या डायचं ड्रॉइंग मंजूर व्हायला किती दिवस जातात.

आता सतरंजीवर बसू. सत्तरच्या दशकात मी भरती झालो तेव्हा आमच्या हातात कानपूरची कार्बाइन होती. स्टेन मी खोलल्या त्या मोडीत काढायच्या जथ्यातल्या. उस्ताद हिंदीत ‘खोलना-जोडना’ म्हणायचे, आम्ही पोरं आपसांत ‘खोलजोड’. सतरंजीवर भाग डावीकडून उजवीकडे काढल्या क्रमाने मांडायचे आणि उजवीकडून डावीकडे उचलत जोडायचे, एवढाच नियम. लेखी परीक्षा नव्हती. डोळ्यांवर पट्टी बांधून करायला लावायचे.

स्टेनची खोलजोड अशी. सगळ्यात आधी मॅगझीन काढायचं. मग हँडल मागे ओढून चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या जागेत, नजर टाकायची आणि बोटही घालायचं. डोळा फसतो, करंगळी फसत नाही. मग बोल्ट, म्हणजे आत पुढेमागे सरकणारा पोलादी ठोकळा, हाताने हलकेच पुढे सोडायचा. आता बंदुकीचं मागचं टोक आपल्याकडे. तिथे दस्त्यातून डोकावणारं एक बोंड असतं. ते अंगठ्याने आत दाबलं की दस्ता खाली सरकून मोकळा होतो. तेच बोंड ज्या टोपीचं आहे ती टोपी आत दाबून जराशी फिरवायची. इथे तळहात घट्ट ठेवावा लागतो, कारण पाठीमागे रिटर्न स्प्रिंग दबून बसलेली असते आणि तिला खोलीच्या दुसऱ्या टोकाला जायची घाई असते. स्प्रिंग निघाली की कॉकिंग हँडल मागे, सेफ्टीच्या खाचेपर्यंत आणायचं, फिरवायचं आणि उपसून घ्यायचं. हे हँडलच आतापर्यंत बोल्टला धरून होतं. नळी, म्हणजे बंदुकीचं पाइपासारखं अंग, मागच्या बाजूला कलती केली की बोल्ट स्वतःच्या वजनाने तळहातावर उतरतो. पहिल्यांदा खोलणाऱ्या प्रत्येक पोराच्या चेहऱ्यावर तेव्हा एकच भाव उमटतो : एवढा जड? राहिलं बॅरल. मॅगझीनच्या घराची कळ ओढून ते घर खाली फिरवायचं, पुढचा नट हातानेच सोडवायचा आणि बॅरल काढून घ्यायचं. झालं. कुठेही पाना लागला नाही.

सतरंजीवर काय पडलंय ते बघ. एक नळी, एक बॅरल, एक बोल्ट, एक स्प्रिंग, हँडल, टोपी, दस्ता, मॅगझीन. बारीकसारीक पिना आणि ट्रिगरच्या पेटीतले तुकडे धरले तर मार्क-२ मध्ये, म्हणजे स्टेनच्या दुसऱ्या आवृत्तीत, सत्तेचाळीसच्या आसपास भाग. रिकामी बंदूक तीन किलोच्या जवळपास.

हे जमलं कसं? कारण या बंदुकीत कुलूपच नाही. रायफलमध्ये गोळी उडते त्या क्षणी बोल्ट बॅरलला अडकवून ठेवावा लागतो, आणि त्या अडकवण्यासाठी जे दात-खाचे लागतात ते अगदी नेमके कापावे लागतात. नऊ मिलिमीटरची पिस्तुलाची गोळी त्या मानाने सौम्य. तिचं केसिंग, म्हणजे दारू भरलेलं कवच, मागे ढकललं जातं तेव्हा त्याला थोपवतं ते फक्त बोल्टचं वजन आणि मागची स्प्रिंग. म्हणून बोल्ट जड. बोल्टच्या तोंडावरच फायरिंग पिन कायमची कोरलेली. वेगळी पिन नाही, तिची वेगळी स्प्रिंग नाही, घोडा नाही. बोल्ट मागे अडकलेला असतो, ट्रिगर दाबला की सुटतो, वाटेत मॅगझीनमधली एक गोळी ढकलत नेतो आणि बॅरलच्या मागच्या तोंडावर आपटतानाच तिला उडवतो. मग धक्क्याने परत मागे. मिनिटाला पाचशेच्या आसपास हा फेरा.

म्हणजे कारखान्याच्या नजरेने पाहिलं तर अचूक काम लागतं कुठे? बॅरलच्या आत आणि चेंबरला. बोल्टच्या तोंडाला. ट्रिगरच्या त्या छोट्या लिव्हरला, जी बोल्ट धरून ठेवते. बास. बाहेरची नळी म्हणजे नुसतं म्यान. बोल्ट तिच्यात ढिलाच फिरतो, आणि ढिला फिरतो म्हणूनच धूळ-रेती गेली तरी लगेच अडकत नाही. नळीवर खाचा कापल्या त्या हँडल फिरायला आणि केसिंग बाहेर पडायला. त्यांची कड सूतभर इकडेतिकडे गेली तर बंदुकीचं काही बिघडत नाही. ट्रिगरची पेटी पत्रा कापून, दुमडून, नळीला जोडलेली. तिच्यात आडवं एक बटण : एका बाजूला ‘आर’, म्हणजे एकेक गोळी, दुसऱ्या बाजूला ‘ए’, म्हणजे सलग. वेल्डिंगचे फुगवटे घासून साफ करण्यात कुणी वेळ घालवला नाही. तुला नळाचं काम वाटलं ते त्यामुळेच. घासण्याचा तो वेळ वाचवून पुढची बंदूक हातात घ्यायची, असा हिशोब होता. एका मार्क-२ ला एका माणसाचं पाचेक तासांचं काम आणि अडीच पौंडांच्या आसपास खर्च, असे आकडे सर्वसाधारणपणे दिले जातात. थॉमसनशी तुलना तूच कर.

आता कारखान्यांकडे. पहिली, मार्क-१, स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकला सिंगरच्या कारखान्यात झाली. हो, तीच सिंगर, जिच्या शिलाई मशीनवर आपल्या आज्या-आयांनी झबली-टोपडी शिवली. जवळपास एक लाख बंदुका तिथे झाल्या. मार्क-१ ला पुढे लाकडाचा तुकडा होता, दुमडणारी मूठ होती, बॅरलच्या तोंडाला ठिणगी लपवायला चमच्यासारखा पत्रा होता. लगेच पुढच्या फेरीत ते सगळं काढून टाकलं, कारण त्यातलं काहीच गोळी उडवायला लागत नव्हतं.

मार्क-२ चं मोठं काम बीएसएकडे आलं. आपल्याकडच्या जुन्या माणसांना बीएसए म्हटलं की मोटरसायकल आठवते, पण नावातच ‘बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स’ आहे. १९ नोव्हेंबर १९४० च्या रात्री त्यांच्या स्मॉल हीथच्या कारखान्यावर बॉम्ब पडले आणि त्रेपन्न कामगार मेले. सगळं एकाच छपराखाली ठेवण्याची किंमत त्या रात्री कळली. स्टेनचं काम पुढे टायस्लीला उभं राहिलं आणि तिथून चार लाखांवर मार्क-२ निघाल्या. लिव्हरपूलजवळच्या फझाकर्लीच्या सरकारी कारखान्यात आणि कॅनडात टोरांटोजवळ लाँग ब्रँचलाही मार्क-२ होत होती. पण ‘होत होती’ याचा अर्थ नीट समजून घे. या मोठ्या जागी मुख्यतः जोडणी आणि तपासणी. सुटे भाग लहानसहान वर्कशॉपांतून यायचे : कोणी फक्त टोप्या, कोणी फक्त दस्त्याचे पाइप, कोणी ट्रिगरचे तुकडे. भोसरी-चाकणचं जॉबवर्क पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. गाडीची कंपनी एक, आणि तिच्या मागे पत्र्याच्या शेडमधली तीनशे प्रेस. त्यातल्या निम्म्या शेडना आपला तुकडा गाडीत नेमका कुठे बसतो हेही ठाऊक नसतं.

अशा कामात सगळी मदार गेजवर, म्हणजे माप तपासायच्या साच्यावर, असते. तुकडा ‘गो’मध्ये गेला पाहिजे आणि ‘नो-गो’मध्ये अडला पाहिजे. शेडमधल्या मुलीने मायक्रोमीटर न वाचता दोन सेकंदांत ठरवायचं, डब्यात की भंगारात. गेज नीट केलेलं असेल तर एका गावची टोपी दुसऱ्या गावच्या नळीवर बसते, तिथे फिटरने कानस घेऊन उभं राहायची गरज उरत नाही. भोसरीत आमच्याकडे एका दरवाज्याच्या कडीचं काम होतं; चार महिने सगळं सुरळीत, मग एके दिवशी जोडणीवाल्यांकडून पाच हजार तुकडे परत. पंच झिजला होता आणि गेजही झिजलं होतं, दोघं एकाच बाजूला. त्या दिवसापासून गेज तपासायचं गेज मी कुलपात ठेवायला लागलो. युद्धकाळात ज्यांनी हे लाखांच्या हिशोबाने सांभाळलं, त्या इन्स्पेक्टरांची नावं कुठे छापून येत नाहीत. माझ्या लेखी खरं काम त्यांचं.

खेळण्यांच्या कारखान्याचं तू विचारलंस, ते लंडनजवळ मर्टनमधल्या लाइन्स ब्रदर्सचं. ट्राय-अँग नावाने पत्र्याची खेळणी करणारी कंपनी. मार्क-३ त्यांनी केली, पावणेनऊ लाखांच्या आसपास. खेळण्यातली मोटार करणाऱ्याला पत्रा गोल वळवून शिवणीवर जोडणं हे रोजचं काम, म्हणून मार्क-३ त्यांच्या हाताला साजेशी आखलेली होती. तयार पाइप आणून कापण्याऐवजी पत्रा गुंडाळून नळी केली आणि वरच्या बाजूने लांबलचक जोड मारला. बॅरल आतच पक्कं बसवलं. नट गेला, बॅरल काढायची सोय गेली. मॅगझीनचं फिरतं घरही गेलं, ते सरळ नळीलाच जोडलं. केसिंग उडण्याच्या खिडकीपुढे मात्र एक छोटी पत्र्याची पाकळी वाढवली, जवानाचं बोट खिडकीत जाऊ नये म्हणून. काटकसर करतानाही त्या पाकळीसाठी जागा ठेवली, हे मला फार आवडतं. सगळे प्रकार मिळून स्टेन चाळीस लाखांच्या आसपास झाल्या.

सायकलच्या दुकानाची गोष्टही खरी आहे. कोपनहेगनच्या वेशीवर सायकलदुरुस्तीच्या एका दुकानात डेन्मार्कच्या भूमिगतांनी दोनशेच्या आसपास स्टेन केल्या. पोलंडमध्ये वाक्लाव झावरोत्नी आणि सेवेरिन विएलानिएर या इंजिनीअरांनी जर्मनांच्या नाकाखाली ‘ब्लिस्काविका’, म्हणजे वीज, नावाची बंदूक आखली आणि वॉर्सामध्ये तिच्या सातशेच्या आसपास प्रती निघाल्या. तारेचं कुंपण करणाऱ्या कारखान्याच्या आडोशाने ते काम चाललं. तिथे त्यांनी वेल्डिंग टाळून भाग आट्यांनी, म्हणजे स्क्रूसारखे, जोडले. कारण सरळ आहे : चांगला वेल्डर मिळवणं आणि त्याचा झगझगाट लपवणं दोन्ही कठीण, लेथ मात्र कोणत्याही वर्कशॉपात असतो. पकडले गेले तर मरण ठरलेलं, आणि तरीही त्यांनी जोडणीची पद्धत बदलताना सुटे भाग वेगवेगळ्या ठिकाणी होतील अशी काळजी घेतली. कुठल्याही टूलरूमच्या भिंतीवर यांचं चित्र लावावं अशी ही माणसं. आणखी एक : मी मापं, पोलादाचे प्रकार, उष्णतेची प्रक्रिया यांपैकी काही लिहिणार नाही. तुझा प्रश्न शिकण्याचा आहे, आणि आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली असलं काही घडवणं हा गंभीर गुन्हा आहे.

आता दुखण्याकडे येतो.

पैसा वाचवायचा नाही अशी एक जागा या बंदुकीत होती, आणि नेमकी तिथे चूक झाली. स्टेनचं मॅगझीन जर्मन धर्तीवर घेतलं. खाली गोळ्या दोन रांगांत, आणि वर येता येता दोन्ही रांगा चेपून एका रांगेत. पुण्यात संध्याकाळी दोन लेनचा रस्ता एका पुलावर येतो तिथे काय होतं, तेच इथे. गोळ्या एकमेकींना आणि भिंतीला घासतात, धूळ असेल तर अडतात. वरच्या तोंडाशी पत्र्याचे दोन ओठ असतात. तेच गोळी कोणत्या कोनात पुढे जाणार हे ठरवतात. म्हणजे या बंदुकीत चेंबरइतकीच अचूकता त्या ओठांना हवी होती. आणि ते होते पातळ पत्र्याचे, उघडे, खिशात-पिशवीत आदळणारे. मॅगझीनमध्ये बत्तीस गोळ्या बसायच्या. जुने जवान अठ्ठावीस-तीसच भरायचे, स्प्रिंगवर ताण कमी यावा म्हणून. अंगठ्याने भरणं इतकं अवघड, की भरायला वेगळं साधन द्यावं लागलं. त्यात मॅगझीन डाव्या बाजूला आडवं; जवान नकळत तिथेच धरायचा, धरून धरून घर ढिलं व्हायचं आणि गोळी यायचा कोन बदलायचा.

एक प्रसंग. एका शस्त्रागारात तपासणीला गेलो होतो, कुठल्या ते सांगत नाही. एक स्टेन सारखी अडते म्हणून तक्रार. त्यांनी बोल्ट बदलला होता, स्प्रिंग बदलली होती. मी बंदुकीला हातच लावला नाही, मॅगझीनं मागवली. एकूण सहा. एकेकाच्या ओठांवरून अंगठा फिरवला आणि नकली गोळी वर ठेवून तिरकी होते का ते पाहिलं. चौथ्या मॅगझीनचा उजवा ओठ आत दबलेला होता, डोळ्याला दिसणार नाही इतका. विचारल्यावर एकाने कबूल केलं, त्याच मॅगझीनने पेटीचं झाकण उचकटलं होतं. ते मॅगझीन वेगळं केलं, त्याच्यावर रंगाने फुली मारली. तक्रार संपली.

२७ मे १९४२ ला प्रागमध्ये चेकोस्लोव्हाक जवान योझेफ गाब्चिक बड्या नाझी अधिकाऱ्याच्या, हाइड्रिखच्या, उघड्या गाडीसमोर उभा राहिला, स्टेन रोखली, ट्रिगर दाबला आणि गोळी सुटलीच नाही. त्याचा साथीदार यान कुबिश याने बॉम्ब फेकला म्हणून ती मोहीम पार पडली. हाइड्रिख ४ जूनला मेला. स्टेनचं नाव निघालं की हा प्रसंग निघतोच.

मॅगझीनचं महत्त्व कळायला आपल्या माणसाचंच उदाहरण देतो, बंदूक मात्र थॉमसन. नाईक यशवंत घाडगे, माणगावकडचे, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीचे. १० जुलै १९४४, इटलीतलं टायबर नदीचं वरचं खोरं. त्यांच्या सेक्शनमधले सगळे पडले. एकटे घाडगे मशीनगनच्या मोर्च्यावर धावून गेले. बॉम्बने मशीनगन आणि ती चालवणारा गारद केला, टॉमीगनने, म्हणजे त्याच थॉमसनने, आणखी एकाला टिपलं. मग मॅगझीन बदलायला वेळ नव्हता. त्यांनी बंदूक बॅरलकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. तिथेच शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात मॅगझीन बदलायला वेळ नसल्याचा उल्लेख आहे. आर्मरर म्हणून ती ओळ वाचली की मला माझं काम नेमकं काय होतं ते कळतं.

दुसऱ्या देशांनी हाच पेच कसा सोडवला, तेही बघण्यासारखं आहे. जर्मनांची एमपी-३८ आधी मिलिंगचं काम होती. एमपी-४० मध्ये तीच दाबलेल्या पत्र्याची केली. तिला लोक ‘श्मायसर’ म्हणतात ते चूक आहे, ह्यूगो श्मायसरने ती आखली नाही. ती एर्फुर्टच्या एर्मा कारखान्याची, हाइनरिख फोलमरच्या कामातून आलेली. तिची रिटर्न स्प्रिंग दुर्बिणीसारख्या एकात एक सरकणाऱ्या नळ्यांत बंद असते. खोलताना खालची कळ ओढून मागचा भाग फिरवला की नळी सुटते आणि ती सबंध दुर्बीण हातात येते. हाताळायला फार छान. पण तेवढ्या नळ्या करायला जो वेळ जातो त्यात इंग्रजांची बरीच बंदूक होऊन जात होती.

अमेरिकनांच्या एम-३ ला ‘ग्रीज गन’ म्हणायचे. ती जनरल मोटर्सच्या गाइड लॅम्प विभागात, इंडियाना राज्यातल्या अँडरसनला झाली. मोटारीचे हेडलाइट करणारा कारखाना तो. दिव्याची वाटी दाबतात तशी दोन अर्धुकं दाबली आणि मधोमध जोडली. पण मला भावते ती आतली गोष्ट : बोल्ट नळीत घासतच नाही, तो दोन सळ्यांवर सरकतो. म्हणजे बाहेरचं कवच वेल्डिंगने थोडं वाकडं झालं तरी बोल्टला पत्ता नाही. वेल्डिंगमध्ये पत्रा ताणतो, हे प्रेस शॉपमधला पोरगाही जाणतो. जॉर्ज हाइड यांनी ते गृहीत धरूनच रचना केली. मॅगझीन मात्र यांनीही एका रांगेत निमुळतं केलं आणि तोच त्रास ओढवून घेतला.

रशियात श्पागिनची पीपीएसएच-४१. मागचं बोंड दाबलं की वरचं कवच बिजागरीवर शाळेच्या कंपासपेटीसारखं उघडतं; बोल्ट, स्प्रिंग आणि धक्का झेलणारा तुकडा लगेच हातात. त्यांच्या गोळीचा व्यास रायफलइतकाच, ७.६२ मिलिमीटर, म्हणून रायफलच्या नळ्या करणारी यंत्रंच कामाला लावता आली. एकाहत्तर गोळ्यांचा डबा प्रसिद्ध आहे, पण सुरुवातीचे डबे ज्या त्या बंदुकीला बसवून घ्यावे लागत, दुसऱ्या बंदुकीला लागतीलच असं नसे. म्हणून पुढे पस्तीस गोळ्यांचं साधं मॅगझीन आलं. आणि वेढा पडलेल्या लेनिनग्राडमध्ये अलेक्सेई सुदाएव यांनी त्याहून पुढचं पाऊल टाकलं : श्पागिनच्या बंदुकीला यंत्रावर ७.३ तास लागत, सुदाएवच्या पीपीएस-४३ ला २.७, पोलाद १३.९ किलोऐवजी ६.२ किलो. शहरात लोक भुकेने मरत होते तेव्हाचं हे काम. विशेष म्हणजे त्यांच्या मॅगझीनमध्ये गोळ्या वरपर्यंत दोन रांगांतच येतात. काटकसर सगळीकडे केली, पण ओठांशी नाही. युद्धातली माझ्या मते सर्वांत शहाणी सबमशीनगन ती.

स्टेनचा दुसरा दोष मॅगझीनपेक्षा भयंकर. भरलेली स्टेन दस्त्यावर पडली, तर धक्क्याने जड बोल्ट स्वतःच मागे सरकायचा, परत येताना गोळी घेऊन यायचा आणि उडवायचा. पिन बोल्टवरच कोरलेली असल्याने वाटेत थांबवणारं काही नाही. ट्रकमधून उडी मारताना, पायऱ्या उतरताना असे अपघात झाले. जर्मनांच्या एमपी-३८ लाही हीच खोड होती. दोघांनी उपाय जवळपास सारखाच काढला : हँडल आत ढकललं की ते नळीतल्या भोकात किंवा खाचेत अडकतं आणि पुढे असलेला बोल्ट हलत नाही. उपाय अगदी फुकटातला, पण तो सुचायच्या आधी काही घरांत तार जाऊन पोचली होती.

स्टेनवरून ब्रिटिश जे शिकले ते जॉर्ज पॅचेट यांच्या बंदुकीत दिसतं. तीच पुढे स्टर्लिंग झाली. तिचीच आवृत्ती आपल्याकडे कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत ‘कार्बाइन १-ए’ म्हणून झाली आणि माझ्या पिढीच्या जवानांच्या, नंतर पोलिसांच्या खांद्यावर दिसायची. तत्त्व तेच, जड बोल्ट आणि स्प्रिंग. पण बोल्टवर मळसूत्रासारखे उंच पट्टे कापलेले. ते नळीतली घाण खरवडून बाजूला लोटतात. आणि मॅगझीन वाकडं, चौतीस गोळ्यांचं, आत गोळ्यांना वर ढकलणाऱ्या तुकड्याला दोन रोलर. गोळ्या घासत येण्याऐवजी सरकत येतात. खोलजोड शिकवताना मी पोरांना मॅगझीनही खोलायला लावायचो आणि ते रोलर बोटाने फिरवून बघ म्हणायचो. फिरले नाहीत तर त्या पोराची कार्बाइन साफ नाही, बॅरल आरशासारखं चमकत असलं तरी.

पुन्हा त्या संग्रहालयात गेलास तर एवढं कर. काचेला नाक लावून नळीच्या वरच्या कडेकडे बघ. पुढून मागेपर्यंत सलग जोडाची उंच शिरा दिसली, बॅरलला नट नसला आणि खिडकीपुढे ती पाकळी असली, तर ती मार्क-३, बहुधा खेळणीवाल्यांच्या हातची. नळी वरून गुळगुळीत आणि पुढे भोकांची नटाची बाही असेल तर मार्क-२. मॅगझीन लावलेलं नसेल आणि बाजूला ठेवलेलं असेल, तर त्याच्या दोन ओठांमधलं अंतर वर-खाली सारखं आहे का ते बघ, आणि मला कळव.